संत जॉन बॉस्को : शाळेपासून दुरावलेल्या तरुणांना शिक्षण व रोजगाराकडे नेणारी परंपरा

संत जॉन बॉस्को (१८१५–१८८८) हे इटलीतील ट्युरिन शहरात सेवाकार्य केलेले धर्मगुरू, सलेशियन संघाचे संस्थापक आणि गरीब, निराधार व शाळेबाहेर राहिलेल्या तरुणांचे शिक्षक म्हणून सर्वपरिचित आहेत. इटलीमध्ये धर्मगुरूंना आदराने 'डॉन' असे संबोधतात. त्यामुळे जगभर ते 'डॉन बॉस्को' या नावानेच ओळखले जातात. ख्रिस्तसभा दरवर्षी ३१ जानेवारी या दिवशी त्यांचा सण साजरा करते. पोप अकरावे पायस यांनी १ एप्रिल १९३४ रोजी, पुनरुत्थान रविवारी, त्यांना संतपद बहाल केले. सन १९५८ मध्ये पोप बारावे पायस यांनी त्यांना इटलीतील शिकाऊ कामगारांचे आश्रयदाते संत म्हणून घोषित केले.

आपल्या धर्मग्रामांतही दहावीला अनुत्तीर्ण झालेले, घरच्या अडचणींमुळे मधेच शाळा सोडलेले, मिळेल ते काम करणारे किंवा काहीच काम नसलेले तरुण आहेत. त्यांच्यासाठी नेमके काय करता येते, हे समजून घेण्यासाठी डॉन बॉस्को यांच्या कार्यपद्धतीची आणि आज उपलब्ध असलेल्या मार्गांची माहिती येथे एकत्र दिली आहे.

शाळा सुटलेला मुलगा

जॉन बॉस्को यांचा जन्म १६ ऑगस्ट १८१५ रोजी पिएमाँत प्रांतातील कास्तेलनुओवो गावाजवळच्या बेक्की या वाडीत एका शेतकरी कुटुंबात झाला. ते दोन वर्षांचेही नव्हते तेव्हा वडील वारले. आई मार्गारेट हिने मोठ्या कष्टाने घर सांभाळले. जॉनला शिकण्याची ओढ होती. परंतु शेतात राबणाऱ्या सावत्र भावाला धाकट्याचे पुस्तक घेऊन बसणे पसंत नव्हते. घरातील कलह वाढू लागला, तेव्हा आईने नाइलाजाने त्याला घराबाहेर कामाला धाडले. सुमारे दोन वर्षे तो मोलिया नावाच्या कुटुंबाच्या शेतावर गडी म्हणून राहिला.

पुढे डॉन कालोस्सो या वृद्ध धर्मगुरूंनी त्याला लॅटिन शिकविण्यास प्रारंभ केला. पण १८३० साली त्यांचे आकस्मिक निधन झाले आणि शिक्षण पुन्हा खंडित झाले. १८३१ मध्ये किएरी येथील शाळेत जॉनने प्रवेश घेतला, तेव्हा त्याचे वय सोळाच्या घरात होते आणि वर्गातील मुले त्याच्यापेक्षा कितीतरी लहान होती. शिक्षणाचा व राहण्याचा खर्च भागविण्यासाठी त्याने शिंप्याकडे, लोहाराकडे, सुताराकडे आणि एका कॉफीगृहातही काम केले. ५ जून १८४१ रोजी त्यांना गुरुदीक्षा मिळाली.

वयाने मोठे असताना लहान मुलांमध्ये बसण्याचा संकोच, फीची चिंता, घरातील विरोध आणि काम करून शिकण्याची दमछाक या सर्व गोष्टी डॉन बॉस्को यांनी स्वतः अनुभवल्या होत्या. त्यांच्या पुढील कार्याचे मूळ येथेच आहे.

ट्युरिनमधील परिस्थिती

एकोणिसाव्या शतकाच्या मध्यास ट्युरिन शहर झपाट्याने वाढत होते. आल्प्सच्या दऱ्याखोऱ्यांतून व खेड्यांतून मुले गवंडीकाम, धुराडी साफ करणे, हमाली अशा कामांसाठी शहरात येत. पूर्वी कारागिरांच्या संघटना शिकाऊ मुलांवर काही प्रमाणात लक्ष ठेवीत. पिएमाँतमध्ये १८४४ साली या संघटना बरखास्त करण्यात आल्या. त्यानंतर मुलाला किती तास राबवायचे, त्याला काही शिकवायचे की केवळ घरकाम करवून घ्यायचे, हे पूर्णपणे मालकाच्या मर्जीवर राहिले. हंगाम संपला की काम संपे, आणि काम संपले की मुले रस्त्यावर येत.

फादर जोसेफ काफास्सो (हेही पुढे संत घोषित झाले) तरुण धर्मगुरूंना तुरुंगात सेवेसाठी नेत असत. त्यांच्यासमवेत जाताना डॉन बॉस्को यांनी तेथे धडधाकट, बुद्धिमान अशी कोवळी मुले पाहिली. सुटका झालेली कित्येक मुले पुन्हा तेथेच येत होती, कारण बाहेर त्यांची वाट पाहणारे कोणी नव्हते. शिक्षा झाल्यानंतर सुधारण्यापेक्षा ती वेळच येऊ न देणे, हा विचार त्यांच्या मनात पक्का झाला. 'प्रतिबंधक शिक्षणपद्धती' हे नाव पुढे याच विचाराला मिळाले.

ओरेटरीचा प्रारंभ

८ डिसेंबर १८४१ या निष्कलंक गर्भसंभवाच्या सणाच्या दिवशी असिसीकर संत फ्रान्सिस यांच्या चर्चमध्ये डॉन बॉस्को मिस्साची तयारी करीत होते. तेथे आलेल्या बार्तोलोमेओ गारेल्ली नावाच्या सोळा वर्षांच्या मुलाला मिस्साची सेवा करता येत नाही म्हणून सेवकाने मारून हाकलले. डॉन बॉस्को यांनी त्याला परत बोलावले. मुलगा अनाथ होता, गवंड्याच्या हाताखाली काम करीत होता आणि त्याला लिहिता-वाचता येत नव्हते. 'तुला काय येत नाही?' या प्रश्नांवर न थांबता डॉन बॉस्को यांनी शेवटी त्याला शीळ घालता येते का, असे विचारले आणि मुलाच्या चेहऱ्यावर हसू उमटले. गारेल्लीशी झालेली ही भेट स्वतः डॉन बॉस्को यांनी आपल्या आठवणींत नोंदविली आहे. पुढल्या रविवारी तो मुलगा आपल्या सोबत्यांना घेऊन आला.

या रविवारच्या मेळाव्याला 'ओरेटरी' हे नाव पडले. प्रार्थना, धर्मशिक्षण, खेळ आणि अक्षरओळख हे त्याचे स्वरूप होते. गोंगाटाच्या तक्रारींमुळे मुलांना घेऊन त्यांना वारंवार जागा बदलावी लागली. अखेर १२ एप्रिल १८४६ रोजी, पुनरुत्थान रविवारी, वाल्दोक्को भागातील पिनार्दी नावाच्या गृहस्थाच्या एका पडवीत ओरेटरीला कायमची जागा मिळाली. त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये माता मार्गारेट आपले गाव सोडून मुलाच्या मदतीला आली.

निराधार मुलांना आसरा देण्याचे पहिले प्रयत्न सोपे नव्हते. काही मुलांना गवताच्या माळ्यावर झोपण्यास जागा दिली असता सकाळी ती मुले पांघरुणांसह पसार झाली. तरीही १८४७ साली एका पावसाळी रात्री वालसेसिया खोऱ्यातील पंधरा वर्षांचा एक भिजलेला मुलगा दारात उभा राहिला, तेव्हा माय-लेकांनी त्याला आत घेतले. तो गवंडीकाम करणारा होता. घरून आणलेले तीन लिरा काम शोधण्यातच संपले होते. आईने स्वयंपाकघरात त्याच्यासाठी अंथरूण घातले, झोपण्यापूर्वी श्रम, सचोटी व श्रद्धा यांविषयी दोन शब्द सांगितले आणि सावधगिरी म्हणून दाराला कुलूपही लावले! विश्वास टाकायचा, पण डोळे उघडे ठेवून, हा धडा त्या रात्रीतून मिळतो. सलेशियन संस्थांमध्ये रात्री झोपण्यापूर्वी मुलांशी चार शब्द बोलण्याची जी प्रथा आहे, तिचा उगम याच प्रसंगात सांगितला जातो.

परतीच्या शिक्षणाचे स्वरूप

दिवसभर काम करणारी मुले दिवसा शाळेत येऊ शकत नव्हती. म्हणून डॉन बॉस्को यांनी शाळेची वेळ मुलांच्या वेळेशी जुळवून घेतली. १८४५–४६ च्या सुमारास रविवारचे व सायंकाळचे वर्ग सुरू झाले. वाचन, लेखन, हिशेब, चित्रकला व संगीत असे विषय शिकविले जात. शिक्षक कमी होते, म्हणून थोडे पुढे गेलेल्या मुलांना ते स्वतंत्रपणे शिकवीत आणि त्या मुलांनी इतरांना शिकवावे अशी व्यवस्था करीत.

पाठ्यपुस्तके समजण्यास कठीण वाटली, तेव्हा त्यांनी सोप्या भाषेत स्वतः पुस्तके लिहिली. पिएमाँतमध्ये १ जानेवारी १८५० पासून दशमान मापनपद्धती सक्तीची होणार होती. नवी वजने-मापे न समजणाऱ्या मजुराची फसवणूक होणार हे ओळखून डॉन बॉस्को यांनी १८४९ साली या पद्धतीवर एक सुबोध पुस्तिका प्रसिद्ध केली. मुलाला उद्या बाजारात व कामाच्या ठिकाणी कशाची गरज पडेल, याचा विचार त्यांच्या अभ्यासक्रमात असे.

१८५० साली त्यांनी ओरेटरीतील तरुणांची परस्पर साहाय्य संस्था स्थापन केली. सभासद दर रविवारी लहानशी वर्गणी देत आणि आजारी पडलेल्या अथवा स्वतःचा दोष नसताना बेकार झालेल्या सोबत्याला त्यातून मदत मिळे.

शिकाऊ कामगारांचे लेखी करार

डॉन बॉस्को मुलांना चांगल्या मालकांकडे कामाला लावीत आणि नंतर कामाच्या ठिकाणी जाऊन चौकशीही करीत. परंतु तोंडी बोलणे पुरेसे नाही, हे अनुभवाने त्यांच्या लक्षात आले. १८५१ पासून त्यांनी मुलांसाठी लेखी करार करण्यास सुरुवात केली. त्यांतील ८ फेब्रुवारी १८५२ रोजीचा करार विशेष प्रसिद्ध आहे. तो जुसेप्पे बेर्तोलिनो हे सुतार आणि जुसेप्पे ओदास्सो हा शिकाऊ मुलगा यांच्यात मुद्रांकित कागदावर झाला. मालक, मुलगा, मुलाचे वडील आणि स्वतः डॉन बॉस्को यांनी त्यावर सह्या केल्या. त्यातील प्रमुख अटी अशा होत्या :

१. मालकाने दोन वर्षांत मुलाला सुतारकामाची कला शिकवावी.
२. मुलाकडून धंद्याशी संबंधित कामेच करवून घ्यावीत. त्याच्या शक्तीबाहेरचे काम देऊ नये.
३. चूक झाल्यास शब्दांनी समज द्यावी. मारहाण करू नये.
४. रविवार व सणांचे दिवस पूर्णपणे मोकळे असावेत.
५. वर्षातून पंधरा दिवसांची रजा द्यावी.
६. ठरलेली मजुरी दर आठवड्यास द्यावी आणि काम येऊ लागेल तशी ती वाढवावी.
७. मुलाने आज्ञाधारक, मेहनती व प्रामाणिक राहावे. त्याच्या वागणुकीबाबत डॉन बॉस्को यांनी साहाय्य करावे.

कामगारविषयक कायदे जवळजवळ नव्हतेच अशा काळात हा दस्तऐवज तयार झाला. पोप तेरावे लिओ यांचे कामगारांच्या हक्कांविषयीचे 'रेरूम नोव्हारूम' हे परिपत्रक १८९१ साली, म्हणजे या करारानंतर एकोणचाळीस वर्षांनी प्रसिद्ध झाले. करारातील शेवटची अट दुर्लक्षिण्याजोगी नाही. मुलाचे हक्क मागताना डॉन बॉस्को त्याच्या जबाबदारीचीही हमी देत होते. मालक मुलाला घेण्यास तयार होई तो याच हमीमुळे.

कार्यशाळा

बाहेरच्या काही कारखान्यांतील वातावरण मुलांना बिघडविणारे होते, आणि वाल्दोक्कोमध्ये राहणाऱ्या मुलांना कपडे व पादत्राणेही लागत होती. या दोन्ही कारणांनी ओरेटरीतच कार्यशाळा उभ्या राहिल्या. १८५३ मध्ये चर्मकाम व शिवणकाम, १८५४ मध्ये पुस्तकबांधणी, १८५६ मध्ये सुतारकाम, १८६१ च्या अखेरीस छपाई आणि १८६२ मध्ये लोहारकाम असा हा क्रम आहे. सलेशियन संघाच्या १८८६ च्या महासभेने कार्यशाळेतील शिक्षणाची तीन अंगे सांगितली : धार्मिक व नैतिक, बौद्धिक आणि व्यावसायिक. केवळ हातांना काम शिकविणे पुरेसे मानले गेले नाही.

मुलींसाठी अशाच प्रकारचे कार्य मोर्नेझे या गावात स्वतंत्रपणे सुरू झाले होते. १८६० मध्ये विषमज्वराच्या साथीत नातेवाइकांची शुश्रूषा करताना मारिया माझ्झारेल्लो आजारी पडली आणि शेतकाम करण्याची तिची ताकद कायमची गेली. तेव्हा तिने गावातील शिंप्याकडे शिवण शिकून, मैत्रीण पेत्रोनिल्ला हिच्यासह गावातील मुलींसाठी शिवणवर्ग उघडला. या गटाची डॉन बॉस्को यांच्याशी भेट झाली आणि ५ ऑगस्ट १८७२ रोजी 'ख्रिस्ती लोकांची साहाय्यकारी मरिया' हिच्या कन्यांचा संघ स्थापन झाला. पुरुषांचा सलेशियन संघ १८ डिसेंबर १८५९ रोजी स्थापन झाला होता. प्रापंचिकांनाही या कार्यात स्थान असावे म्हणून १८७६ मध्ये सलेशियन सहकाऱ्यांच्या संघटनेस मान्यता मिळाली.

शिक्षणपद्धतीची तीन तत्त्वे

१८७७ साली डॉन बॉस्को यांनी आपली प्रतिबंधक शिक्षणपद्धती थोडक्यात लिहून काढली. विवेक, धर्म आणि वात्सल्य ही तिची तीन तत्त्वे होत. विवेक म्हणजे नियमांचे कारण मुलाला पटवून देणे. धर्म म्हणजे देव आपल्याला पाहतो व आपल्यावर प्रेम करतो, ही जाणीव जागी ठेवणे. वात्सल्य म्हणजे मुलांवर नुसते प्रेम करणे नव्हे, तर ते प्रेम त्यांना जाणवेल असे वागणे. एकदा शाळेत अपमान झालेला मुलगा दुसऱ्यांदा वर्गात बसण्यास घाबरतो. त्याला पुस्तकापूर्वी धीर लागतो, हे या तिसऱ्या तत्त्वामागील व्यवहारज्ञान आहे.

भारत, महाराष्ट्र व गोवा

सलेशियन धर्मगुरू १९०६ साली तंजावर येथे आले. १९२२ मध्ये ईशान्य भारतात शिलाँग येथे आणि १९२८ मध्ये मुंबईत त्यांचे कार्य सुरू झाले. मुंबईतील माटुंगा येथील शाळा व साहाय्यकारी मरियेचे मंदिर आपल्या परिचयाचे आहे. कुर्ला येथे तंत्रशिक्षणाच्या संस्था उभ्या राहिल्या. रस्त्यावर व रेल्वे स्थानकांवर राहणाऱ्या मुलांसाठी वडाळा येथे १९८७ मध्ये 'शेल्टर डॉन बॉस्को' हे केंद्र सुरू झाले. गोव्यात १९४६ साली फादर विन्सेंट स्कुदेरी यांनी पणजी येथे ओरेटरीचा पाया घातला. दक्षिण गोव्यातील सुळकर्णे येथे कृषी शिक्षणाचे महाविद्यालय आहे. अल्पमुदतीचे रोजगाराभिमुख प्रशिक्षण देणाऱ्या केंद्रांना जोडण्यासाठी २००६ मध्ये 'डॉन बॉस्को टेक' ही देशव्यापी व्यवस्था निर्माण झाली.

आज उपलब्ध असलेले परतीचे मार्ग

शाळा सुटली म्हणजे सर्व दारे बंद झाली, असा समज आजही अनेक घरांत आहे. तो खरा नाही. पुढील मार्गांची माहिती प्रत्येक धर्मग्रामात असावी.

चौदा वर्षांखालील मुले : २००९ च्या शिक्षण हक्क कायद्यानुसार सहा ते चौदा वर्षांच्या शाळाबाह्य बालकाला त्याच्या वयानुरूप वर्गात प्रवेश मिळण्याचा आणि इतरांच्या बरोबरीने येण्यासाठी विशेष प्रशिक्षण मिळण्याचा हक्क आहे. २०१६ च्या दुरुस्तीनंतर चौदा वर्षांखालील मुलांना कामावर ठेवण्यास कायद्याने मनाई आहे (शाळेच्या वेळेबाहेर कुटुंबाच्या कामात मदत करण्यासारखे मोजके अपवाद वगळता), तर चौदा ते अठरा वर्षांच्या मुलांना धोकादायक कामावर ठेवता येत नाही.

दहावी अनुत्तीर्ण : राज्य मंडळाची पुरवणी परीक्षा निकालानंतर थोड्याच काळात होते. एक-दोन विषय राहिलेल्यांना एटीकेटीच्या सवलतीने अकरावीत प्रवेश मिळू शकतो. या संधीची माहिती निकालाच्या आठवड्यातच कुटुंबापर्यंत पोहोचली पाहिजे. कारण त्या आठवड्यात घरात निराशा असते आणि मुलगा कामाला लागतो तोही त्याच सुमारास.

शाळा सोडून काही वर्षे झालेले : राज्य मंडळाकडे १७ नंबरचा अर्ज भरून खासगीरीत्या दहावी-बारावीला बसता येते. महाराष्ट्र राज्य मुक्त विद्यालय मंडळाद्वारे पाचवी व आठवीच्या पातळीपासूनही परीक्षा देता येते. राष्ट्रीय मुक्त विद्यालयी शिक्षण संस्थेत (एनआयओएस) चौदा वर्षे पूर्ण झालेल्यास दहावीच्या स्तरावर प्रवेश मिळतो. तेथे मराठी माध्यम उपलब्ध आहे. सार्वजनिक परीक्षा वर्षातून दोनदा होते. नोंदणी पाच वर्षे टिकते आणि त्या काळात विषय एकेक करून सोडविता येतात. अन्य मंडळाच्या परीक्षेत उत्तीर्ण झालेल्या दोन विषयांपर्यंतचे गुण काही अटींवर ग्राह्य धरले जातात. काम करणाऱ्या तरुणाला ही सोय फार मोलाची आहे. शहरांत रात्रशाळांचा पर्यायही आहे.

उद्योगशिक्षण : औद्योगिक प्रशिक्षण संस्थेतील (आयटीआय) बहुतेक अभ्यासक्रमांना दहावी उत्तीर्ण असणे आवश्यक आहे, परंतु वेल्डर, वायरमन यांसारख्या काही व्यवसायांना आठवी उत्तीर्ण विद्यार्थीही पात्र ठरतात. आठवीनंतर दोन वर्षांचा आयटीआय अभ्यासक्रम पूर्ण करणाऱ्यास भाषेची परीक्षा देऊन दहावीची समकक्षता मिळविता येते.

शिकाऊ उमेदवारी : १९६१ च्या शिकाऊ उमेदवार कायद्याखाली उमेदवार व आस्थापना यांच्यात लेखी करार होतो, त्याची नोंदणी होते आणि प्रशिक्षणकाळात विद्यावेतन मिळते. २०१६ पासून केंद्र शासनाची राष्ट्रीय शिकाऊ उमेदवारी प्रोत्साहन योजना सुरू झाली. डॉन बॉस्को यांनी मुद्रांकित कागदावर मिळविलेले संरक्षण आज कायद्याने दिले आहे. मात्र करार न करता 'शिकाऊ' या नावाखाली वर्षानुवर्षे राबविले जाणारे तरुण आजही आपल्या भोवती आहेत. अशा वेळी लेखी कराराचा आग्रह धरणे हे पालकांचे व धर्मग्रामाचे कर्तव्य आहे.

धर्मग्रामाने काय करावे?

डॉन बॉस्को यांच्या कार्यपद्धतीवरून पुढील गोष्टी निश्चितपणे सांगता येतात.

• प्रथम नावे माहीत असावीत. आपल्या विभागात शाळा सोडलेले तरुण कोण व का, याची माहिती गृहभेटीतूनच मिळते. व्यासपीठावरील आवाहनातून नव्हे. ही माहिती गोपनीय ठेवावी.

• कागदपत्रांसाठी मदत करावी. शाळा सोडल्याचा दाखला, जन्मदाखला, जुनी गुणपत्रिका हरवल्यामुळे अनेक जण अर्जच करीत नाहीत. निवृत्त शिक्षक व कार्यालयीन अनुभव असलेले भाविक हे काम उत्तम करू शकतात.

• बुडणाऱ्या मजुरीचा विचार करावा. ज्याच्या कमाईवर घर चालते त्याला 'शीक' एवढे सांगणे पुरेसे नाही. परीक्षेपूर्वीच्या एक-दोन महिन्यांसाठी प्रवासखर्च, फी किंवा धान्य यांची मदत संत व्हिन्सेंट डी पॉल सोसायटीसारख्या संघटनांमार्फत करता येईल.

• सायंकाळी अभ्यासासाठी शांत जागा व एक मार्गदर्शक द्यावा. धर्मशिक्षणाचे वर्ग आठवडाभर मोकळे असतात.

• मुलींची वेगळी चौकशी करावी. लहान भावंडांना सांभाळण्यासाठी किंवा घरातील आजारपणामुळे सुटलेली मुलीची शाळा कोणाच्या लक्षात येत नाही, कारण ती रस्त्यावर दिसत नाही.

• धर्मग्रामातील व्यावसायिक, कंत्राटदार व कारखानदार यांनी शिकाऊ उमेदवार घ्यावेत आणि धर्मग्रामाने पहिले सहा महिने त्या उमेदवाराची विचारपूस करावी. नवी नोकरी सुटते ती बहुधा सुरुवातीच्या काळातच.

• प्रयत्न फसला तरी दार उघडे ठेवावे. पांघरुणे चोरीला गेल्यावर डॉन बॉस्को यांनी दार बंद केले असते, तर पावसात भिजलेला तो मुलगा बाहेरच राहिला असता.

मत्तयकृत शुभवर्तमानाच्या विसाव्या अध्यायात द्राक्षमळ्यातील कामकऱ्यांचा दाखला आहे. दिवस मावळायला आला तरी काही माणसे चौकात रिकामी उभी होती. मालकाने कारण विचारले असता आम्हाला कोणी कामावर घेतले नाही, असे त्यांनी सांगितले. मालकाने त्यांना आळशी म्हटले नाही. त्यांनाही मळ्यात पाठविले आणि पूर्ण दिवसाची मजुरी दिली. आपल्या धर्मग्रामाच्या चौकात असे किती तरुण उभे आहेत याची नोंद दहावीचा निकाल लागण्यापूर्वी झाली, तर पुरवणी परीक्षेच्या व प्रवेशाच्या मुदती हातून निसटणार नाहीत. संत जॉन बॉस्को यांच्या मध्यस्थीने ह्या कार्यासाठी प्रत्येक धर्मग्रामाला कृपा लाभो.